धसमुसळ्याचा हात

बस अजून आली नव्हती आणि सकाळचं ऊन रांगेतल्या माणसांच्या पाठींवर तिरपं पडलं होतं. रफूवालीच्या पुढे राखाडी लोकरीच्या कोटातला एक माणूस उभा होता. त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा खाली, अगदी तिच्या नाकासमोर, बोटाच्या पेराएवढा डाग होता. डाग कसला, रफू होता तो. कोट पार पिवळट पडलेला आणि भोकात भरलेला धागा अजून निळसर, जसा काही कालच रिळावरून उतरलाय. रफूवालीला हसू आलं. उभा जन्म डोळ्यांवर पोट भरलेल्या माणसाला असलं काम दिसलं की चीडही येते आणि आतून थोडं बरंही वाटतं. आला बघ धसमुसळ्या, ती मनात म्हणाली, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

धसमुसळ्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण ती त्याला चांगली ओळखत होती. चौकातल्या मोठ्या घड्याळाखाली जी लॉन्ड्री आहे तिच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. मधूनच एखादा कपडा असा यायचा की त्याच्यावर आधी कुणीतरी हात चालवलेला, आणि तोही आंधळ्याला दिसेल असा. लॉन्ड्रीवाला तो कपडा दोन बोटांत उचलून विचारायचा, ही कलाकुसर कुणाची हो, दुर्बीणबाई? दुर्बीण हे नाव त्यानेच ठेवलेलं. ती मान वर न करता म्हणायची, धसमुसळ्याची. असं म्हणता म्हणता धसमुसळ्याला अंग फुटलं. मान जाड, बोटं ओलसर, चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधणारा. शहराच्या पलीकडच्या टोकाला, सूर्य चुकूनही फिरकत नाही अशा बोळात तो बसतो, दिव्याच्या उजेडात धागा जुळवतो आणि जेवायच्या घाईत उरकून टाकतो. त्याची बायको त्याला बोलते. लॉन्ड्रीवाल्याने तर त्याला एक कजाग सासूही मिळवून दिली होती. मग दोघं हसायची, आणि ती धसमुसळ्याची वीण नीट न पाहताच उसवून तिथे स्वतःचा धागा भरायची. भरता भरता तिला त्या बिचाऱ्याची कीव यायची. एखाद्याला नजरच नसते, त्याला तो तरी काय करणार.

बस आली. रांग हलली, तो माणूस एक पाऊल पुढे सरकला, त्याचा खांदा किंचित वळला आणि ऊन त्या रफूवर आडवं पडलं. आता वीण दिसायला लागली. चांगला रफूगार धागा भोकाच्या कडेशी थांबवत नाही, धड कापडात थोडा आत नेतो. आणि सगळे धागे एका रेषेत थांबले तर तिथेच नवी चीर जाते, म्हणून काही लांब सोडतो, काही आखूड. तिला ज्या म्हाताऱ्याने हे काम शिकवलं त्याची चाल होती, दोन लांब, एक आखूड. ही चाल त्याने आणखी कुणाला शिकवली नव्हती, कारण त्याच्याकडे आणखी कुणी शिकायला आलंच नाही. ती डावखुरी, त्यामुळे तिच्या हातात ती चाल डावीकडे कलायची. म्हातारा म्हणायचा, पोरी, तुझं काम वाऱ्याने पडलेल्या गवतासारखं, लाखात ओळखू येईल. कोटावरचं गवत डावीकडे पडलं होतं. दोन लांब, एक आखूड. यावर रफूवालीच्या मनात पहिला विचार काय यावा? अच्छा, म्हणजे धसमुसळ्यासुद्धा डावखुरा आहे तर.

बसमध्ये ती त्याच्या मागेच उभी राहिली. गाडी वळणं घेत होती आणि खिडक्यांतून येणारा उजेड त्या पाठीवरून पाण्यासारखा सरकत होता, तो डाग मधेच बुडायचा, मधेच वर यायचा. ती धसमुसळ्याला डावखुरा करत होती. सुई उजव्या हातातून काढून तिने त्याच्या डाव्या हातात दिली, टेबलावरचा दिवा उजवीकडे सरकवला, कात्री फिरवून ठेवली. तो निमूट सगळं करू देत होता. मग तिने त्याचं तोंड बघायला मान वाकवली आणि तिथे तोंड नव्हतं. जाड मान होती, ओलसर बोटं होती, कपाळावर चष्मा होता, पण त्याच्याखाली काही नव्हतं. शेजारच्या बाईने विचारलं, बसता का, तर तिने नको म्हटलं, आणि समोरच्या खांद्यावर हळूच एक बोट टेकवलं.

माणूस वळला. तिशी-पस्तिशीचा, झोप पुरी न झालेला.

“हा कोट तुम्ही रफूला कुठे दिला होता?” तिने विचारलं.

“रफू? कुठे?” तो हात मागे नेऊन चाचपायला लागला. “नाही हो काकू, वडिलांचा कोट आहे. ते गेल्यावर मी घालायला लागलो.” मग तो थांबला. “ते सगळे कपडे त्या घड्याळाखालच्या लॉन्ड्रीत द्यायचे. तिथे एक बाई बसते म्हणे, तिने केलेलं काम देवालासुद्धा दिसत नाही. ते सगळ्यांना सांगत सुटायचे. बघा ना, मलाही आत्तापर्यंत दिसलं नव्हतं.”

त्याने हे अगदी भाबडेपणाने सांगितलं. मोठं घड्याळ खिडकीतून गेलं, लॉन्ड्रीची पाटी गेली, आपलं टेबलही तिला ओझरतं दिसलं, त्यावर झाकलेलं फडकं दिसलं. ती उतरली नाही. कोटवाला पुढे कुठेतरी उतरला आणि जाताना मान लववून गेला. रिकाम्या झालेल्या बाकावर ती बसली.

तिला कोट आठवत नव्हता. त्याचे वडीलही आठवत नव्हते. आठवत होते ते चेहरे. काउंटरवर कपडा घेऊन तो उलटासुलटा करणारे, भोक शोधणारे, न सापडल्यावर लहान मुलासारखे हसणारे चेहरे. असे चेहरे तिच्याकडे रग्गड होते. कामात मन लागत नसलं की ती त्यांतला एखादा काढून बघायची. लॉन्ड्रीवाला गिऱ्हाइकाला म्हणायचा, शोधू नका, भोक रफूचक्कर झालं. या एका विनोदावर त्याने हयात काढली होती आणि ती दर वेळी हसत आली होती. पण ते चेहरे कपडा घेऊन दारातून बाहेर पडायचे आणि तिथेच संपायचे. पुढे त्या कपड्यावर किती ऊन पडलं, तो कितीदा धुतला गेला, एके दिवशी आरशासमोर कुणी चमकून थांबलं का, यातलं काहीच तिच्यापर्यंत आलं नव्हतं. ज्यांचं काम टिकलं ते दुसरा कपडा घेऊन यायचे आणि पहिल्याची तारीफ करायचे. बाकीचे गेले कुठे? कुणी कोट टाकून दिला असेल, कुणी दुसरीकडे गेलं असेल, आणि कुणी भोळेपणाने, विसरून, तोच कपडा घेऊन तिच्याकडेच आलं असेल. तेव्हा तिने तो दोन बोटांत धरलेला पाहिला होता आणि म्हटलं होतं, धसमुसळ्या. किती वेळा उसवलं असेल मी माझंच काम, तिला वाटलं, आणि वर त्या बापड्याला सासू चिकटवली. तिला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

गाडी आता तिच्या ओळखीच्या भागातून बाहेर पडली होती. दुकानांच्या पाट्या विरळ झाल्या, भिंती लांबच लांब झाल्या, आणि एका भिंतीवर जुनी जाहिरात उन्हाने इतकी पुसली होती की हसणाऱ्या बाईचे फक्त दात उरले होते. तिला म्हातारा आठवला, पण नेहमीचा नाही. नेहमीचा म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, पोरीला नजर देवाने दिलीय. हे वाक्य तिने इतकं वापरलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. आज जो म्हातारा आला तो खिडकीत उभा होता, पाठमोरा, हातात दोन धागे धरून. तो म्हणत होता, आज जुळलं ते आजचं. कापड एका कढईत रंगलेलं, धागा दुसऱ्या कढईत. ऊन दोघांना सारखं खात नाही. उद्याची खात्री देऊ नकोस. हेही त्याने म्हटलं होतं, आणि एकदा नव्हे, अनेकदा म्हटलं असणार, कारण त्याला एक गोष्ट शंभरदा सांगायची खोड होती. मग हे एवढी वर्षं होतं कुठे? कौतुकाचं वाक्य तिने उशाशी घेतलं आणि दुसरं माळ्यावर टाकलं. माणूस आपल्या सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो, असं ती नेहमी म्हणायची, इतरांबद्दल.

आणि मग शाल आली. ती येणार हे तिला कोटाकडे पाहतानाच कळलं असणार, नाहीतर ती घड्याळापाशी उतरली असती. ही बस ज्या टोकाला जाते तिथे तिची धाकटी बहीण राहायची. आई तिच्याकडेच असायची शेवटची वर्षं, अंथरुणाला खिळायच्या आधीही आणि नंतरही. आई गेल्यावर तिच्या वस्तू वाटायला सगळे जमले होते. आईची शाल ताईला द्यायची, असं आईनेच सांगून ठेवलं होतं. धाकटीने ती घडी करून पुढे केली आणि ताईने हातभर अंतरावर धरून पाहिली. फिकट चहासारखी शाल, आणि काठाजवळ एक गडद तपकिरी चट्टा. इस्त्रीचा चटका, त्यावर कसातरी रफू. एका नजरेत सगळा उलगडा झाला. धाकटी म्हणाली होती, ताई, अगं हे तूच केलंस, कसर लागली होती तेव्हा, आईच घेऊन आली होती तुझ्याकडे. त्यावर ताई मोठ्याने हसली होती. माझं काम दिसत नसतं, बाळ. दिसतंय म्हणजे माझं नाही. हे धसमुसळ्याचं. तू शाल जाळलीस, मला कळू नये म्हणून कुणाकडून तरी भरून आणलीस, आणि आता माझ्याच तोंडावर माझ्या नावाने खपवतेस. इथपर्यंतही ठीक होतं. पण तिची जीभ तिथे थांबली नाही. एवढीशी शाल लपवलीस, मग आईचं दुखणंखुपणं काय काय लपवलं असशील? मामाने कप खाली ठेवला आणि म्हणाला, नजर तिची आहे बाबा, ती म्हणते म्हणजे असणार. धाकटीने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि शाल परत कपाटात ठेवली. त्यानंतर या दोघी भेटल्या नव्हत्या.

उलट बाजू पाहिली नव्हती मी, रफूवालीच्या लक्षात आलं. रोज येणाऱ्या परक्याच्या फाटक्या बाहीचीसुद्धा ती उलट बाजू पाहायची. बहिणीच्या बाबतीत तिला गरज वाटली नाही, कारण तिला आठवत होतं. आपण ती शाल कधी हातात घेतलेली नाही, हे तिला स्वच्छ आठवत होतं.

आणि आता, बसच्या त्या बाकावर, दुसरी आठवण आली. आली म्हणजे काय, चपला काढून आत येऊन बसली. दुपार होती. आई कॉटवर कलंडलेली, धाकटी मटार सोलत काहीतरी गुणगुणत होती, शालीचा कोपरा ताईच्या मांडीवर होता आणि तपकिरी रीळ घरंगळत कॉटखाली गेलं होतं. ते काढायला ती वाकली तेव्हा आई झोपेत म्हणाली होती, राहू दे गं. सगळं इतकं लख्ख की मटारचा कोवळा वास आला. रफूवालीचा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात ती दचकली. या दुपारचा तर कालपर्यंत पत्ता नव्हता. आणि तेव्हा, त्या वाटणीच्या दिवशी, शाल कधी हातात न घेतल्याची आठवण इतकीच लख्ख होती, अशीच ऐटीत येऊन बसली होती. दोन्ही आठवणींचे चेहरे सारखे, दोघींचा आवाज सारखा. एक तरी खोटी होती, पण खोटं बोलताना चेहऱ्यावर काहीतरी दिसतं म्हणतात, तसं एकीच्याही चेहऱ्यावर दिसेना. तिने दोघींनाही बाजूला सरकवलं आणि शेवटच्या थांब्यावर उतरली.

दार धाकटीने उघडलं. तिचे केस पांढरे झाले होते आणि चष्म्याच्या काचा जाड. ती क्षणभर दाराला धरून उभी राहिली, मग ये म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. खोली तशीच होती. खिडकी, खिडकीशी आईची खुर्ची, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. फक्त इस्त्रीवर एक टॉवेल झाकला होता, घट्ट गुंडाळून, पिंजऱ्यावर घालतात तसा. रफूवालीने काय बोलायचं ते बसमधून उतरल्यापासून जुळवत आणलं होतं, पण धाकटीने पाणी समोर ठेवलं आणि आधी तीच बोलायला लागली.

“बरं झालं आलीस. मीच येणार होते, पाय उचलत नव्हता.” ती खुर्चीच्या कडेवर बसली. “तू म्हणालीस ते खरं होतं ताई. शाल मीच जाळली.”

रफूवालीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. धाकटी शांतपणे सांगत होती. तेव्हा तिला खरंच आठवत नव्हतं, म्हणून ती तसं बोलली होती. मग रात्रंदिवस तेच डोक्यात. ताईची नजर चुकत नाही, मामाही म्हणाला, मग आपणच विसरलो असू. आणि हळूहळू आठवायला लागलं. फोन वाजला होता, इस्त्री तशीच टेकवून ती गेली होती, परत आली तर धूर. लोकरीचा जळका वास घरभर. आई पलीकडे झोपली होती म्हणून तिने खिडकी उघडली होती.

“भरायला कुणाकडे दिली ते मात्र अजून आठवत नाही,” ती म्हणाली. “पण तेही आठवेल. आणि आईच्या औषधांचंही मी कधीकधी विसरले असेन. तेव्हा वाटायचं वेळच्या वेळी देतेय. आता नक्की सांगता येत नाही.”

ही तीच पोरगी, जी लहानपणी ताईने रात्र आहे म्हटलं तर भर दुपारी जांभई द्यायची. सगळे हसायचे आणि ताईला अभिमान वाटायचा. रफूवालीने शाल मागितली. धाकटीने कपाटाच्या तळातून ती काढली, चादरीत गुंडाळलेली, डांबराच्या गोळ्यांसकट. रफूवाली ती घेऊन खिडकीशी गेली आणि आईच्या खुर्चीत बसली. बोटांना काम कळतं. तिने चट्ट्याभोवतीची लोकर चोळून पाहिली. जळलेली लोकर कडक होते, खरखरते. ही मऊ होती. तिने शाल उलटली. गवत डावीकडे पडलं होतं. दोन लांब, एक आखूड.

मग तिने पिशवीतून कात्री काढली आणि काठाची दुमडून शिवलेली घडी थोडी उसवली. आतली लोकर कधी उजेडात आलीच नव्हती. ती गडद तपकिरी होती, आईच्या अंगावर पहिल्या दिवशी होती तशी. तिने चट्टा तिच्यावर टेकवला, आणि चट्टा नाहीसा झाला. कुठे कापड संपतं आणि कुठे धागा सुरू होतो, तिचं तिलाच कळेना. जुळलं होतं. त्या दिवशी अगदी केसाएवढाही फरक नव्हता. आयुष्यातलं तिचं बहुधा सगळ्यात चोख काम, आणि ते पाहताना तिला रडू फुटलं.

“आई कुठे बसायची गं?” तिने विचारलं.

“आत्ता तू बसलीयस तिथेच. सकाळभर ऊन असतं ना. ऊन सरकलं की मी खुर्ची सरकवायचे, दुपारी त्या दारापर्यंत जायचो आम्ही.” धाकटीला जरा हसू आलं. “आई म्हणायची, मला काय पापड केलायस का.”

“मला आठवतंय की…” रफूवालीने सुरुवात केली आणि जीभ चावली. “नाही. आठवतंय म्हणत नाही. इथे दिसतंय तेवढंच सांगते. इकडे ये.”

तिने धाकटीचं बोट धरून उलट बाजूवर फिरवलं, जशी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती तशी. हे बघ, हे डावीकडे कलतंय. डावखुरी तू नाहीस, मी आहे. हे बघ, घडीच्या आतला रंग. शाल अशी होती. तू आईला रोज उन्हात बसवलंस, रोज, खुर्ची सरकवत सरकवत, म्हणून तिचा रंग उडाला. माझा धागा पक्क्या रंगाचा, तो तसाच राहिला. इस्त्री नव्हती, धूर नव्हता. तू खरं बोलत होतीस आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. औषधंही तू वेळच्या वेळीच दिली असतील, असं ती म्हणणार होती, पण तेही तिने पाहिलेलं नव्हतं. एवढंच म्हणाली, मी चुकले.

धाकटी किती तरी वेळ शालीकडे पाहत राहिली. घडीच्या आत, मग चट्ट्यावर, मग पुन्हा आत. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल होत होतं आणि रफूवाली ते बघत होती. खिडकीतलं ऊन खुर्चीवरून सरकून जमिनीवर आलं होतं. मग धाकटीने मान वळवून कोपऱ्यातल्या टॉवेलकडे पाहिलं.

“मग तो जळका वास कुठला, ताई?”

“मी दिलेला,” रफूवाली म्हणाली. “माझ्या बोलण्यातून आलेला. तो खरा नाही.”

धाकटीने समजल्यासारखी मान हलवली. शाल उचलून तिने नाकाशी नेली, डोळे मिटले आणि सावकाश हुंगली, एकदा, पुन्हा एकदा.

“अजून येतोय,” ती म्हणाली.